शिवाजी पार्कचा जोडफ्लॅट: एका आलिशान नूतनीकरणाचं प्रकरण

शिवाजी पार्कच्या मागच्या एका गल्लीत, समुद्रापासून चालत पाच-सात मिनिटांवर, तळमजला अधिक तीन मजल्यांची एक इमारत आहे. 1950च्या दशकात सभासदांनी सोसायटी स्थापून बांधलेली, बारा फ्लॅटची. तिसऱ्या मजल्यावरचे शेजारशेजारचे दोन फ्लॅट एका कुटुंबाने एकत्र केले आणि 2022 मध्ये आतून पूर्ण नवे करून घेतले. आर्किटेक्ट म्हणून ते काम माझ्याकडे होतं. त्यानंतर बघता बघता गल्ली बदलली, आणि आज ती इमारतच पाडण्याची बोलणी करारनाम्याच्या मसुद्यापर्यंत आली आहेत.

हे सविस्तर लिहिण्याचं कारण असं की दादर-माहीम पट्ट्यातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाचा आता पहिला प्रश्न एकच असतो: "मॅडम, इंटिरियर करून घेऊ की थांबू?" माझं उत्तर या प्रकरणात पक्कं झालं. जुन्या इमारतीत आलिशान घर करायचं असेल तर पैसा आधी फ्लॅटच्या दाराबाहेर घालावा लागतो. त्यातून उरेल ते आत. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून मजला, फ्लॅटची संख्या असे किरकोळ तपशील बदलले आहेत.

आधी जागेबद्दल. 1896च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर-माटुंग्याची आखणी त्याने केली. रुंद रस्ते, ठरावीक उंची, इमारतीभोवती मोकळी जागा. उजेड आणि वारा हा चैनीचा नव्हे, जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे हे शहराला प्लेगने शिकवलं होतं. 1925 मध्ये मैदान लोकांसाठी खुलं झालं, 1927 मध्ये त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत त्याच्या भोवती गोल कोपऱ्यांच्या बाल्कन्या, लांब छज्जे, अकरा फुटी छत असलेल्या तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. आमची इमारत त्यातली जरा उशिराची. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी तीननंतर समुद्राचा वारा सुरू होतो आणि मागच्या मोरीच्या खिडकीतून बाहेर जातो. एप्रिलमध्येही त्या घरात एसी न लावता बसता यायचं. या घरातली सगळ्यात महागडी वस्तू हीच होती आणि ती कोणाच्याही कपाटात ठेवता येण्यासारखी नव्हती.

मालक त्याच घरात वाढलेले. मधली बरीच वर्षं परदेशात आणि मग पवईत काढून पंचावन्नच्या पुढे ते परत आले. शेजारचं कुटुंब डोंबिवलीला मुलाकडे गेलं तेव्हा त्यांचा फ्लॅटही यांनी घेतला. दोन्ही मिळून साधारण तेराशे चौरस फूट कार्पेट. त्यांची अपेक्षा स्पष्ट होती: इटालियन मार्बल, मोठं मास्टर बाथरूम टबसह, भिंत काढून एकच लांब दिवाणखाना, पूर्ण फॉल्स सीलिंग, लपवलेले दिवे. फोनमध्ये वरळीच्या एका टॉवरमधल्या मित्राच्या घराचे फोटो होते. "अगदी असंच," ते म्हणाले.

मी पहिल्याच बैठकीत सांगितलं की आधी छत उघडून बघू, मग मार्बल बोलू.

जुनं फॉल्स सीलिंग काढलं तेव्हा बेडरूमच्या कोपऱ्यात स्लॅबचे पोपडे सुटलेले दिसले आणि आतल्या सळ्या तांबूस होऊन पापुद्रे धरत होत्या. त्या काळच्या सळ्या गुळगुळीत गोल, पीळ नसलेल्या. काँक्रीट हाताने मोजून मिसळलेलं. आणि सत्तर पावसाळे खारी हवा. आमच्या स्ट्रक्चरल इंजिनियरने बीमच्या कडेला थोडं छिनलं आणि ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. काँक्रीट धडधाकट असेल तर ते लगेच गुलाबी होतं. इथे कडेपासून सळीच्या मागेपर्यंत रंगच चढला नाही. याचा अर्थ हवेतला कार्बन डायऑक्साइड तिथपर्यंत पोचला, काँक्रीटचा अल्कली गुण गेला आणि सळीवरचं संरक्षण संपलं. एकदा गंज धरला की त्याचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त होतं आणि ते आतून काँक्रीट फोडायला लागतं. मालक बाजूला उभे राहून बघत होते. त्या रंग न आलेल्या पट्टीने त्यांना जे पटलं ते माझ्या बोलण्याने पटलं नसतं.

तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम 353बी प्रमाणे सक्तीचं आहे. या सोसायटीने ते करून घेतलेलं होतं. निष्कर्ष सी-2बी, म्हणजे इमारत रिकामी न करता दुरुस्ती करण्यासारखी. अहवाल सेक्रेटरींच्या कपाटात होता. वर्गणी कोण किती काढणार यावर घोडं अडलं होतं, आणि बाराही घरांत आपापल्या पैशाने पुट्टी-रंग होत राहिला.

मग मार्बलचा हिशोब मांडला. वीस मिलिमीटरचा दगड आणि खाली पन्नास मिलिमीटरचा माल, म्हणजे चौरस मीटरला साधारण दीडशे किलो. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामान मिळून जो बोजा धरला जातो तो भारतीय मानक 875 प्रमाणे चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास. म्हणजे माणूस घरात शिरायच्या आधीच त्या राखीव ताकदीतला तीन चतुर्थांश वाटा निव्वळ फरशी खाऊन टाकणार. तेराशे चौरस फुटांवर हे वजन अठरा टन होतं. तेही गंजलेल्या सळ्यांच्या स्लॅबवर, खाली दोन कुटुंबं झोपलेली असताना. मी नाही म्हटलं. इंजिनियरने सही द्यायला नकार दिला. या मुद्द्यावर काम सोडायचीही माझी तयारी होती, कारण मुंबईत पुष्कळ ठिकाणी हे काम सही न घेता उरकलं जातं आणि त्याचे भोग खालच्या मजल्याला भोगावे लागतात.

उपाय पायाखालीच निघाला. दोन हजारच्या दशकात कोणीतरी मूळ जमिनीवर व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या होत्या. त्या आणि त्यांच्या खालचा माल उचलला तेव्हा मूळ मोझॅक सापडलं: फिकट हिरवं, पांढरी खडी, कडेला विटकरी पट्टा. दोन-तीन ठिकाणी भेगा होत्या, एका जागी जुन्या मोरीचा ठिगळ. कारागीर उत्तम मिळाला. त्याने खडी जुळवून पॅच भरले आणि टप्प्याटप्प्याने घासून पॉलिश केलं. मार्बल चढण्याऐवजी स्लॅबवरून साधारण दहा टन वजन उतरलं. नव्या पार्टिशन भिंती विटेऐवजी सायपोरेक्स या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकच्या केल्या, त्यांचं वजन विटेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं. मालकीणबाईंना ती हिरवी जमीन बघितल्याबरोबर आवडली. मालकांना महिनाभर लागला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो बाथरूमवर. नवं मास्टर बाथरूम जिथे आखलं होतं त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं स्वयंपाकघर, आणि त्याच्या कोपऱ्यात देव्हारा. काकू ऐंशीच्या घरात. मालकांना लहानपणी त्यांनी मांडीवर खेळवलेलं. सभेत त्या उठून म्हणाल्या, "अरे, तू इथलाच मुलगा, तुला मी काय सांगू? माझ्या देवांच्या डोक्यावर तुझा संडास येणार, आणि गळलं तर मी या वयात कोणाकोणाकडे तक्रार करत फिरू?" कोणी तरी नियम काढायला लागलं. मालकांनी हात जोडून सांगितलं, "काकू, तुम्ही नको म्हणता ना, मग विषय संपला." दुसऱ्या फ्लॅटची मूळ मोरी आणि संडास यांची जागा एकत्र करून तिथेच बाथरूम केलं. ओलं ते ओल्याच्या वर, म्हणजे बाथरूम खालच्या बाथरूमच्याच वर. टब गेला, तीनशे लिटर पाणी म्हणजे तीनशे किलो, तोही प्रश्न सुटला. माझ्या मते जुन्या इमारतीत हा नियम मोडण्याइतकं चांगलं कारण कोणत्याही नकाशात नसतं. कोबा, वॉटरप्रूफिंग, मग पाणी भरून ठेवून खाली ओल येते का ते बघणं हे सगळं केलं, आणि पाणी भरलेल्या दिवशी काकूंना वर बोलावून दाखवलंही.

आता दाराबाहेरच्या खर्चाचं. इमारतीच्या मागच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, ड्रेनेजच्या बिडाच्या लाइनी होत्या, सांध्यांतून झिरपणाऱ्या, पिंपळाची मुळं घुसलेल्या. आतमध्ये कितीही उत्तम सीपीव्हीसी पाइप टाकले तरी ते शेवटी याच लाइनीला जोडायचे. डक्टची भिंत ओली राहिली तर तिला लागून असलेलं वॉर्डरोब पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरणार. मी आतल्या कामाचं अंदाजपत्रक दोन भागांत मांडलं. फॉल्स सीलिंग, इटालियन किचन, भिंतीवरचं व्हिनियर यांतून कापलेली रक्कम एका बाजूला. दुसऱ्या बाजूला डक्टच्या नव्या लाइनी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाराही घरांच्या खराब बीम-कॉलमची पॉलिमर मॉर्टर व मायक्रो काँक्रीटने दुरुस्ती. मालकांनी सोसायटीला सांगितलं की आपल्या वाट्याच्या वर्गणीवर ते स्वेच्छेने जादा रक्कम देतील, अट एकच, काम लगेच सुरू व्हावं. अडलेला ठराव त्या महिन्यात झाला. ज्यांना एकरकमी देणं जड होतं त्यांना हप्ते पाडून दिले. आलिशान घराची कल्पना इथे बदलली असं मला वाटतं, आणि या कुटुंबाबद्दल मला मनापासून आदर वाटतो तो याच जागी.

दोन फ्लॅट जोडताना पूर्ण भिंत काढली नाही. ती विटेची होती, बोजा न घेणारी, तरी महापालिकेच्या परवानगीने फक्त एक रुंद दार पाडलं. दुसऱ्या फ्लॅटचं मूळ प्रवेशद्वार आणि स्वयंपाकघराची ड्रेनेज जोडणी जिवंत ठेवली. शेअर सर्टिफिकेट दोन, बेस्टचे मीटर दोन, मालमत्ता कराची खाती दोन. एक फ्लॅट पतीच्या, दुसरा पत्नीच्या नावावर. त्या वेळी मालकांना ही माझी कागदी हौस वाटली. पण सहकार कायद्यात मत सभासदाला असतं, फ्लॅटला नाही. एकाच नावावर दोन फ्लॅट असते तरी मत एकच. आणि पुनर्विकासात, विकास नियंत्रण नियमावली 2034च्या 33(7)(बी) प्रमाणे सोसायटीला मिळणारं वाढीव क्षेत्र सध्याच्या बांधकामाच्या 15 टक्के किंवा दर सदनिकेमागे 10 चौरस मीटर, यात जे जास्त ते. सदनिका किती, हा प्रश्न उद्या येणारच होता. छोट्या फ्लॅटवाल्यांनी भिंत पाडून मीटर एक करून घेतलेली उदाहरणं मी बघितली आहेत. ते नंतर सिद्ध करत बसणं फार जिवावर येतं.

घर 2022च्या दिवाळीआधी पूर्ण झालं. जुन्या सागवानी खिडक्या खरवडून, कब्जे बदलून, लॅमिनेटेड काच आणि रबरी पट्टी बसवून परत लावल्या. पश्चिमेचा वारा होता तसाच येत होता.

शेजारचा प्लॉट

पुढच्या वर्षी शेजारची इमारत रिकामी झाली. त्यामागची कारणं या एका गल्लीपुरती नाहीत. समुद्राजवळच्या या पट्ट्यात सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमनाच्या, जुन्या नियमांनी एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येईल ती मर्यादा) गोठवून ठेवला होता. 2019च्या अधिसूचनेने तो मोकळा केला आणि मुंबईच्या किनारपट्टी आराखड्याला 2021 मध्ये मंजुरी मिळाल्यावर कागद हलायला लागले. मार्च 2024 मध्ये कोस्टल रोडचा पहिला भाग सुरू झाला. मे 2025 मध्ये मेट्रो 3चं दादर स्टेशन उघडलं आणि ऑक्टोबरमध्ये आरे ते कफ परेड ही 33.5 किलोमीटरची पूर्ण मार्गिका. गोखले रोडने वर्षानुवर्षं मेट्रोच्या कामाचे पत्रे सोसले होते. त्याचं फळ म्हणून जमिनीला भाव आला आणि तीन मजल्यांच्या इमारती जमिनीच्या भावाच्या दृष्टीने 'अपुऱ्या' ठरल्या. 2012 मध्ये महापालिकेने हा परिसर वारसा यादीत घ्यायचं सुचवलं होतं तेव्हा विरोध करणाऱ्यांत इथले रहिवासीच पुढे होते. त्यांना दोष देणं मला जमत नाही. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर गुडघे दुखत चढणाऱ्याला वारशाचं कौतुक करायला सांगायचं कसं?

शेजारचं पाडकाम सुरू व्हायच्या आधी मी सोसायटीला एक गोष्ट करायला लावली: सगळ्या फ्लॅटच्या, जिन्याच्या, कंपाउंडच्या भिंतींचे तारखेसह फोटो, असलेल्या भेगांवर खुणा, आणि शेजारच्या विकासकाच्या इंजिनियरची त्यावर सही. पायाचं खोदकाम सुरू झाल्यावर तळमजल्याच्या एका भिंतीला भेग पडली तेव्हा ती जुनी की नवी हा वाद पाच मिनिटांत मिटला आणि दुरुस्ती त्यांच्याकडून झाली. धुळीचं तेवढं सोपं नव्हतं. ऑक्टोबर 2023 मध्ये महापालिकेने उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याची फवारणी अशी नियमावली काढली. तक्रार केली की चार दिवस फवारणी होई.

मग टॉवर वर आला. त्याचे खालचे काही मजले पार्किंगचे. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या बेडरूमची खिडकी बरोबर त्या पार्किंगसमोर आली. रात्री गाडी वळली की हेडलाइटचा झोत पलंगावरून सरकत जातो. दुपारी तीनचा वारा थांबला. दोन इमारतींमधलं अंतर कमी, कारण मोकळ्या जागेतली कमतरता प्रीमियम, म्हणजे ठरावीक शुल्क, भरून माफ करून घेता येते. मालकांनी विचारलं, कोर्टात जाता येईल का? भारतीय सुविधाधिकार कायदा 1882च्या कलम 15 प्रमाणे वीस वर्षं अखंड उपभोगलेल्या उजेड-वाऱ्यावर हक्क सांगता येतो. पण समोरच्या दृश्यावर हक्क नसतो, आणि उजेड-वाऱ्याचंही भरीव नुकसान सिद्ध करावं लागतं. वकिलांनी हे सगळं सांगून झाल्यावर एक प्रश्न विचारला: उद्या तुमची सोसायटी पुनर्विकासाला गेली तर हीच सवलत तुम्ही मागणार नाही का? दावा दाखल झाला नाही. तरी मला हे बरोबर वाटत नाही. प्रत्येक प्लॉट आपापल्या हिशोबाने कायदेशीर आहे आणि तरी गल्लीत वारा उरलेला नाही. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने जे सगळ्यांसाठी मिळून आखलं होतं ते आपण प्रीमियमची पावती फाडून एकेक करून विकतो आहोत. नियमावलीत गल्लीचा विचार गल्ली म्हणून व्हायला हवा.

खाली गल्लीतही फरक पडला. पिठाची गिरणी शेजारच्या इमारतीसोबत गेली, नव्या तळमजल्यावर कॉफीचं दुकान आलं. काकूंचं दळण आता त्यांची कामवाली माहीमहून आणते.

प्रस्ताव

2025 मध्ये सोसायटीने सहकार कायद्याच्या कलम 79अ खालच्या कार्यपद्धतीप्रमाणे पुनर्विकासाचा ठराव घेतला. 4 जुलै 2019च्या शासन निर्णयानुसार त्यासाठी दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती आणि किमान 51 टक्के सभासदांची लेखी संमती लागते. दोन्ही सहज झालं. आमच्या मालकांचा प्रश्न अपेक्षित होता: "इतक्या मायेने केलेल्या घराचे काही पैसे धरतात का?" धरत नाहीत. विकासक कार्पेट एरिया मोजतो. मोझॅक, खिडक्या, बाथरूम यांची किंमत शून्य. वर 35 टक्के फंजिबल, म्हणजे एफएसआयच्या वरचं जादा क्षेत्र मिळतं, ते काकूंच्या रंग उडालेल्या फ्लॅटलाही त्याच प्रमाणात.

मग दाराबाहेर घातलेला पैसा वाया गेला का? माझ्या मते नाही. इमारत मजबूत असल्यामुळे सोसायटीला घाई नव्हती. धोकादायक म्हणजे सी-1 ठरलेल्या इमारतीतले लोक रिकामं करण्याची नोटीस हातात घेऊन जो पहिला येईल त्याच्याशी करार करतात. इथे तीन प्रस्ताव शांतपणे तपासले गेले आणि त्यातला एक, आकड्यांनी सगळ्यात मोठा पण बँक गॅरंटीला टाळाटाळ करणारा, सभेने नाकारला. शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटीची तरतूद आहे, ती सोडायची नाही हे मी सभेत दोनदा सांगितलं. काकूही आपला चष्मा पुसत म्हणाल्या, "लेखी द्या म्हणावं, तोंडी काही नको."

मालकांनी मसुद्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत. कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या करारात दोन सदनिका वेगवेगळ्या, दोन नावांवर दाखवायच्या. नवा फ्लॅट शेजारच्या पार्किंगच्या वरच्या पातळीवर असावा. आणि सागवानी खिडक्या व दारं पाडकामाआधी त्यांना काढून नेता यावीत. शेवटची मागणी ऐकून विकासकाचा माणूस थोडा थबकला, कारण एरवी सागवान आणि लोखंड पाडकामाच्या ठेकेदाराचं असतं, तो त्याचे पैसे मोजतो. ताबा दिल्यानंतर हे मागता येत नाही, म्हणून ते आत्ताच परिशिष्टात नगांसह लिहून घेतलं आहे. खिडक्या नव्या फ्लॅटमध्ये बसतीलच असं नाही. ॲल्युमिनियमच्या बाह्य दर्शनीत त्यांना परवानगी मिळणार नाही. आतल्या खोल्यांमध्ये दारं म्हणून वापरायचं आरेखन मी सुरू केलं आहे. मोझॅक मात्र जागेवर ओतलेलं, ते उचलता येत नाही.

चौथी मागणी काकूंची, आणि सोसायटीने ती सगळ्यांसाठी म्हणून घेतली: बांधकामाच्या काळातलं भाडं शिवाजी पार्क-दादर भागात राहता येईल इतकं हवं, आणि ज्येष्ठांना लिफ्ट असलेलंच तात्पुरतं घर. त्यांचे डॉक्टर, बँक, संध्याकाळचा कट्टा सगळं इथे आहे. विकासकाने भाड्याचा आकडा दोनदा वाढवला, लिफ्टची अट अजून मान्य केलेली नाही. पुढच्या बैठकीत तोच विषय पहिला आहे.